बाजाराची जागा आणि कलेचे घर

१

लोकसाहित्याचा तास चालू असताना पदवीच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने मला विचारले, ‘सर, बाजाराची जागा घेऊन तिथे कलाकेंद्र बांधले तर त्यात वाईट काय आहे? झाडीपट्टीच्या नाटकाला पक्के घर नको का?’ हा विद्यार्थी हंगामात एका नाटक मंडळीत लहानसहान भूमिका करतो. दिवाळीनंतरच्या महिन्यांत तो वर्गात येतो तेव्हा डोळ्यांत रात्रीची झोप असते आणि कानामागे रंगाचा ओघळ राहिलेला असतो. त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. माझ्यापाशी मात्र तयार उत्तर नव्हते. माझी आई आठवडी बाजारात जमिनीवर पोते अंथरून भाजी विकत आली आहे. माझ्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि त्या पदवीची फी त्या पोत्यावरून उठलेल्या पैशांतून भरली गेली आहे. माझ्या उत्तरात माझा स्वार्थ मिसळेल अशी मला भीती वाटली. म्हणून तो प्रश्न मी घरी घेऊन आलो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सिंदेवाहीत असा ठराव कुणी मांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण म्हणून हा प्रश्न हवेतला ठरत नाही. तालुक्याची गावे ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेली आहेत. नगरपंचायत झाली की गावाला आराखडा येतो, योजना येतात, इमारतीसाठी निधी येतो. निधी आला की जागेची शोधाशोध सुरू होते. गावाच्या मध्यभागी उरलेली मोठी मोकळी सार्वजनिक जागा बहुधा एकच असते, आणि ती म्हणजे बाजाराचे मैदान. आठवड्याचे सहा दिवस ते रिकामे दिसते. कागदावर ते कुणाच्या नावाने नसते. तिथे बसणाऱ्या बायांच्या हाती बैठकीच्या पावतीखेरीज दुसरा पुरावा नसतो. सोयीची जागा शोधणाऱ्याचे बोट तिथेच पडणार. तेव्हा ठराव येण्याआधीच आपण या प्रश्नाचा विचार करून ठेवणे शहाणपणाचे आहे. ठराव आल्यावर केलेला विचार हा बहुधा नुसता निषेध होतो.

२

बाजार म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात बाजाराची रचना आपण नीट पाहिलेली नसते.

आठवडी बाजार हा एका गावाचा नसतो. तो एक फेरा असतो. परिसरातील प्रत्येक मोठ्या गावाला आपला वार ठरलेला असतो. कपड्यांचा, भांड्यांचा, मसाल्यांचा व्यापारी आज या गावी, उद्या त्या गावी असा हा फेरा करतो. पण बाजारात बसणारे सगळेच व्यापारी नसतात. सिंदेवाहीच्या आसपासच्या खेड्यांतून येणारी बाई सकाळी डोक्यावर पाटी घेऊन निघते. पाटीत वांगी असतील, लाखोळीची भाजी असेल, पावसाळ्यात कुड्याची फुले किंवा बांबूचे वास्ते असतील. धिवर बाई मामा तलावातली मासोळी आणते. बुरूड कुटुंब सुपे, टोपल्या आणते. दुपारपर्यंत ही बाई विकणारी असते. दुपारनंतर तीच बाई घेणारी होते. मिळालेल्या पैशांतून ती मीठ, तेल, साबण, पोराची वही घेते आणि दिवस मावळायच्या आत घरी परतते. म्हणजे तिचे विकणे आणि घेणे एकाच जागेवर, एकाच दिवसात पूर्ण होते. भांडवल, गोदाम, दुकान यांपैकी काहीही नसताना जिला व्यवहार करता येतो अशी ही एकमेव व्यवस्था आहे.

या व्यवस्थेत जागेला फार महत्त्व असते. बाजार बसथांब्याजवळ आहे की नाही, रस्त्याला लागून आहे की नाही, यावर पाटीवालीची मिळकत ठरते. तो मैलभर दूर नेला की डोक्यावर ओझे असलेल्या बाईला ऑटोचे भाडे द्यावे लागते, आणि नफ्याचा मोठा भाग त्या भाड्यात जातो. ‘त्यांना आम्ही गाळे बांधून देऊ’ असे उत्तर अशा वेळी नेहमी दिले जाते. पण गाळ्यांचा लिलाव होतो, गाळ्याला अनामत रक्कम लागते, गाळ्याला महिन्याचे भाडे असते. आठवड्यातून एक दिवस दोन पाट्या भाजी विकणारी बाई महिनाभराचे भाडे कुठून देणार? गाळे होतात, त्यांत दुकानदार बसतात. जमिनीवर बसणारी बाई त्यांच्या पायरीशी येऊन बसते, आणि पुढे तिथूनही उठवली जाते. पुनर्वसन या शब्दाचा असा अर्थ अनेक गावांनी पाहिला आहे.

पण बाजाराचे चित्र मी गोडगुलाबी करू इच्छित नाही. बाजारालाही जात होती. माझी आजी बाजाराच्या अगदी शेवटी, ओढ्याच्या काठाला बसायची. तिच्यापाशी विकायला सरपणाच्या मोळ्या आणि शिंदीच्या पानांचे झाडू असत. खाण्याची वस्तू ती विकू शकत नव्हती, कारण आमच्या हातची खाण्याची वस्तू कुणी घेतली नसती. घेणारा पैसे खाली टाकायचा आणि ती ते वेचायची. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. आमच्या घरून आजी-आजोबा पायी निघून त्या सोहळ्याला गेले होते. परत आल्यावर पुढच्या बाजाराला आजी ओढ्याकाठी बसली नाही. ती चिंचेखाली, भाजीवाल्यांच्या ओळीत येऊन बसली. कुरबुर झाली, शिव्या झाल्या, पण ती उठली नाही. तिच्या सुनेने, म्हणजे माझ्या आईने, त्याच चिंचेखाली भाजी विकायला सुरुवात केली, आणि आमच्या हातची वांगी गावाच्या चुलीवर गेली. आमच्या घराच्या इतिहासात माझ्या पदवीपेक्षा ही घटना मोठी आहे असे मी मानतो.

म्हणून बाजाराची जागा हा आपल्यासाठी केवळ उपजीविकेचा प्रश्न नाही. पाणवठा आणि देऊळ यांसाठी झालेले लढे इतिहासात नोंदले गेले. महाडचे १९२७ साल आणि काळारामचे १९३० साल आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. बाजारातली ओळ मात्र अशा नोंदी न होता, एकेका बाईने एकेका बाजाराला पुढे सरकून मिळवलेली आहे. जिथे सवर्ण आणि दलित, आदिवासी आणि बिगर आदिवासी एकाच जमिनीवर समोरासमोर बसतात, भाव करतात, भांडतात, अशी दुसरी कोणती जागा या गावांत आहे?

बाजार माणसाच्या ज्ञानालाही ओळख देतो. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यातले दादाजी खोब्रागडे हे आपल्याच समाजातले अल्पभूधारक शेतकरी. शाळा अर्धवट सुटलेली. शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या जपून त्यांनी वर्षानुवर्षे निवड केली आणि भाताचे नवे वाण तयार केले. त्याला विद्यापीठाने नाव दिलेले नव्हते. नाव मिळाले ते धानाच्या बाजारात. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ते ‘एचएमटी’ झाले. १९९८ साली कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केले आणि श्रेय कुणाचे हा वाद अखेरपर्यंत राहिला. दादाजी २०१८ साली गेले. प्रस्थापित संस्थांनी ज्याची दखल उशिरा घेतली, त्याची दखल बाजाराने आधी घेतली होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

३

आता माझ्या विद्यार्थ्याच्या बाजूकडे वळू. त्याची बाजूही आपलीच बाजू आहे.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दंडार, खडी गंमत, गोंधळ, कीर्तन अशा लोककलांची इथे जुनी परंपरा आहे, आणि त्यांच्या शेजारी इथली नाटकाची रंगभूमी वाढली आहे. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचे केंद्र. नाटक मंडळ्यांची कार्यालये तिथे आहेत. गावोगावचे लोक तिथे जाऊन नाटक ठरवतात. या रंगभूमीचे नट हे शेतकरी, मजूर, शिक्षक, कारागीर आहेत. त्यांत दलित आहेत, आदिवासी आहेत, इतर मागास जातींतले आहेत. २०२३ साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी या रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकले असेल. तोवर ‘मराठी रंगभूमी’ म्हणजे बंद सभागृहातील, तिकिटाच्या खुर्चीवरची रंगभूमी हेच गृहीत धरलेले होते. तेव्हा झाडीपट्टीला मान हवा, नटाला कपडे बदलायला चार भिंती हव्यात, बाई नटीला सुरक्षित खोली हवी, तालमीला छप्पर हवे, हे सर्व मला मान्य आहे.

परंतु ही रंगभूमी जगते कशी, हे पाहिले पाहिजे. दिवाळी झाली, हलके धान हाती आले की इथे गावोगाव मंडई भरते. पुण्या-मुंबईच्या वाचकाने इथे थांबावे. त्याच्यासाठी मंडई म्हणजे भाजीबाजार. आमच्यासाठी मंडई म्हणजे एक सण. त्या दिवशी गावात दुकाने लागतात, मिठाई लागते, पाळणे येतात, गोवारी बांधव ढाल नाचवतात, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. दिवसा बाजार असतो आणि रात्री त्याच गावात नाटक. पडदे लावून शामियाना बंदिस्त करतात. लोक जमिनीवर बसतात. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. मंडई आमच्या बोलीत बाजारही आहे, जत्राही आहे आणि नाट्यगृहही आहे. एकाच शब्दात तिन्ही गोष्टी आहेत.

यामागे हिशेब आहे. गावातले एखादे मंडळ ठराविक रक्कम देऊन मंडळीकडून नाटक घेते आणि तिकिटे लावून ती रक्कम वसूल करते. तिकिटे कोण घेतो? मंडईला आलेला पाहुणा घेतो. बाजाराच्या निमित्ताने आलेला माणूस रात्रीचा प्रेक्षक होतो. शंकरपटाचेही तसेच. दिवसा बैलांचा पट आणि रात्री नाटक, अशी जोडी होती. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यतीच्या बऱ्यावाईटाची चर्चा हा वेगळा विषय आहे. इथे मुद्दा एवढाच की ज्या गावी पटाची गर्दी जमत नव्हती, त्या गावी पटाच्या रात्रीच्या नाटकाचे निमित्तही उरत नव्हते. २०२० साली टाळेबंदीने बाजार, जत्रा, मंडई सर्व थांबवले तेव्हा नाटकही थांबले. नाटक मंडळीच्या चुलीचा विस्तव मंडईच्या गर्दीतून येतो.

आता या नाटकाला आपण काही शे खुर्च्यांच्या सभागृहात नेऊ. सभागृहाला भाडे आहे, विजेचे बिल आहे, रखवालदार आहे. रात्री दहा-अकराच्या पुढे ते चालू ठेवायचे की नाही, हा नियमाचा प्रश्न येईल. खुर्च्या थोड्या म्हणजे तिकीट महाग. तिकीट महाग म्हणजे धान कापून आलेली बाई बाहेर. मंडळी एका रात्रीचा खर्च भरून काढू शकणार नाही, आणि सभागृह वर्षातून चार सरकारी कार्यक्रमांना, दोन लग्नांना आणि निवडणुकीच्या साहित्यवाटपाला उपयोगी पडेल. कलेसाठी बांधलेले घर कलेवाचून उभे राहील, आणि त्याच्या पायात बाजार गाडला गेलेला असेल. माझ्या विद्यार्थ्याला मी हे सांगू इच्छितो की बाजार उठवून मिळालेले नाट्यगृह हे त्याच्या प्रेक्षकालाच उठवून मिळालेले असेल.

४

अशा वेळी एक युक्ती हमखास योजली जाते. इमारतीला आपल्या महापुरुषाचे नाव दिले जाते. फुले, आंबेडकर, अण्णा भाऊ साठे, बिरसा मुंडा यांचे नाव कोनशिलेवर आले की विरोध करणारा समाजद्रोही ठरतो. या युक्तीला उत्तर द्यायचे तर पुण्याच्या मंडईचा इतिहास आठवावा लागतो.

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरत असे. १८८० नंतरच्या वर्षांत नगरपालिकेने मोठी बंदिस्त मंडई बांधण्याचे ठरवले. जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी मंडईच्या या बांधकामाला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा तो लोकांच्या शिक्षणावर खर्च करावा. याच जोतीरावांनी १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेचा पैसा खर्च करण्याच्या ठरावाविरुद्ध एकट्याने मत दिले होते. मंडईच्या बाबतीतही त्यांचे ऐकले गेले नाही. १८८६ मध्ये इमारत उभी राहिली आणि तिला त्या वेळच्या गव्हर्नरचे, लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. पुढे काळ बदलला आणि त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्याने विरोध केला त्याचेच नाव इमारतीला आले.

नावाबद्दल माझी तक्रार नाही. गव्हर्नरचे नाव जाऊन जोतीरावांचे यावे हे योग्यच झाले. परंतु नाव स्मरणात राहिले आणि त्यांचा प्रश्न विस्मरणात गेला. तो प्रश्न असा होता: सार्वजनिक पैसा कुणाच्या गरजेसाठी आणि कुणाला विचारून खर्च होतो? हा प्रश्न आजही प्रत्येक नगरपंचायतीच्या सभेत विचारता येतो. उद्या कुणी बाजारावर बाबासाहेबांच्या नावाचे कलाकेंद्र उभारू लागला तर, ‘नाव आमचे आणि जागाही आमचीच राहील का?’ हे विचारण्याचा अधिकार आपण सोडता कामा नये. बाबासाहेबांच्या चळवळीचा प्रचार ज्या जलशांनी केला ते जलसे कोणत्या सभागृहात झाले? ते वस्तीच्या मैदानात, चौकात, कंदिलाच्या उजेडात झाले. भीमराव कर्डक असोत की वामनदादा कर्डक असोत, त्यांना ऐकायला लोक आपली जागा आपण घेऊन बसत. खुर्ची नव्हती म्हणून कला अडली नाही. ती अडली असती तर जमायला जागा नसल्यामुळे अडली असती.

हा अनुभव आपल्याच देशापुरता नाही. पॅरिस शहराच्या मध्यभागी ले आल नावाचा शतकानुशतकांचा अन्नबाजार होता. एमिल झोला या कादंबरीकाराने त्याला शहराचे पोट म्हटले. १९६९ मध्ये हा बाजार शहराबाहेर रुंजिस येथे हलवला. १९७१ मध्ये लोखंडी-काचेचे जुने मंडप पाडायला सुरुवात झाली. बाजाराच्या जागी बरीच वर्षे एक प्रचंड खड्डा होता. नंतर तिथे जमिनीखालची दुकाने आली. जवळच १९७७ मध्ये पोंपिदू हे जगप्रसिद्ध कलाकेंद्र उघडले. कला आली, पर्यटक आले; हमाल, भाजीवाल्या आणि पहाटेचे कामगार गेले. लंडनच्या कोव्हेंट गार्डनची गोष्ट थोडी निराळी आहे. १९७४ मध्ये तिथला फळभाज्यांचा बाजार हलवला. परिसर पाडण्याच्या योजनेविरुद्ध रहिवाशांनी जोरदार लढा दिला होता, त्यामुळे जुनी इमारत वाचली. १९८० मध्ये ती पुन्हा उघडली. आज तिथे रस्त्यावरचे कलावंत खेळ करतात, पण भाजी विकणारा तिथे नाही. एका शहरात इमारत गेली, दुसऱ्यात वाचली. बाजारातला कष्टकरी मात्र दोन्हीकडे गेला. यावरून असे दिसते की इमारत वाचवणे म्हणजे माणूस वाचवणे नव्हे. आपल्या लढ्याने हे दोन्ही वेगळे ओळखले पाहिजेत.

५

कार्यकर्त्यांना भावनेबरोबर कायदाही माहीत हवा. थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट अशी की पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम २०१४ साली झाला. तो नगरपंचायतीलाही लागू आहे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही असे हा कायदा सांगतो. हलवायचेच झाले तर तीस दिवसांची नोटीस लागते. शहर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले हवेत. त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात आणि अनुसूचित जाती, जमातींना योग्य प्रतिनिधित्व हवे. ग्राहक आणि विक्रेते पिढ्यानपिढ्या जिथे जमतात त्या जागेला कायदा ‘नैसर्गिक बाजार’ मानतो. पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेला असा बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, हे तत्त्व त्याच्या अनुसूचीत आहे. आमच्या भागातील किती बाजार पन्नास वर्षांपेक्षा जुने असतील, याचा विचार वाचकांनीच करावा. पण ही मान्यता आपोआप मिळत नाही. ती मागावी लागते. रेल्वेच्या मालकीच्या जागेला हा कायदा लागू नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट जागेच्या आरक्षणाची. विकास आराखड्यात जागा बाजारासाठी राखीव असेल तर तिचा वापर नुसत्या ठरावाने बदलता येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार असा फेरबदल प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, आणि अखेर शासनाची मंजुरी लागते. हरकतीसाठी महिन्याची मुदत असते. ही जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानात येते आणि बाजारातल्या बाईपर्यंत पोचत नाही. ती वाचणे आणि बाजारात जाऊन मोठ्याने सांगणे हे आपल्या शिकलेल्यांचे काम आहे. ठरावाची, लिलावाची, बैठकीच्या वसुलीची कागदपत्रे माहिती अधिकाराखाली मागता येतात.

तिसरी गोष्ट गडचिरोलीकडच्या मित्रांसाठी आहे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने गावबाजाराचे व्यवस्थापन हा ग्रामसभेचा आणि योग्य पातळीवरील पंचायतीचा अधिकार मानला आहे, मग त्या बाजाराला कोणत्याही नावाने ओळखले जात असो. कायद्याच्या या शब्दांत आमची मंडई सहज बसते.

६

मग कलाकेंद्र नकोच का? मला तसे म्हणायचे नाही. नकार देऊन आपण माझ्या विद्यार्थ्याला त्याच्याच आईविरुद्ध उभे करू. बाजारात बसणारी आई आणि नाटकात उभा राहणारा मुलगा हे एकाच घरातले आहेत. त्यांच्यात भांडण लावून देणाऱ्या योजनेत काहीतरी मुळात चुकलेले असते.

आपली मागणी अशी असावी. बाजाराची जमीन बाजाराचीच राहील. तिच्यावर उंच छप्पर आणि पक्का ओटा होईल, पाणी आणि बायांसाठी स्वच्छतागृह होईल. गाळे नकोत, बसण्याच्या जागा आखून, आज जे बसतात त्यांच्याच नावे त्या नोंदवाव्यात. त्या छपराच्या एका टोकाला उंच चौथरा असावा आणि त्यामागे दोन खोल्या असाव्यात. दिवसा चौथऱ्यावर धान्याची पोती राहतील, मंडईच्या रात्री तिथे नाटक उभे राहील. त्या खोल्यांत नटी निर्धास्तपणे कपडे बदलू शकेल आणि बाजाराच्या दिवशी तान्हे मूल घेऊन आलेली बाई त्याला पाजू शकेल. सभागृहच हवे असेल तर त्याला दुसरी जागा शोधावी. त्यासाठी आपण पाठिंबा देऊ. हा आराखडा ठरवताना बाजारातल्या बाया आणि नाटक मंडळ्या एका सतरंजीवर बसलेल्या असाव्यात. नकाशा आधी आणि चर्चा मागून, हा क्रम उलटा झाला पाहिजे.

हे सर्व मी आईला सांगितले. ती पाट्यातली वांगी निवडत होती. मी कलम, अनुसूची, आरक्षण असे बरेच काही बोललो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘बाबू, छप्पर पायजे. उनाचा लय तरास होते. नाटकबी पायजे, मीबी जातो पाहाले. पन मले उठवून माह्याच जाग्यावर नाटक दाखवाचं मंतील, तं ते मी कोठी बसून पाहू?’

पुढच्या तासाला मी हा प्रश्न फळ्यावर लिहिला. माझ्या विद्यार्थ्याने तो वाचला आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सर, आपण बाजारात कोण कोण बसते याची यादी करू. ठराव यायच्या आधी.’ त्या आठवड्याच्या बाजाराला आम्ही अकरा जण वह्या घेऊन गेलो. काम चालू आहे. इतर गावच्या मित्रांनीही आपापल्या बाजारात अशी यादी करावी. त्यात नाव, गाव, किती वर्षांपासून बसतात, काय विकतात आणि बैठकीची पावती आहे की नाही, एवढे लिहिले तरी पुरे.